आटे मरतात तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



आज एका अगदी लहान वस्तूबद्दल बोलायचे आहे. ती आपल्या घरात शेकड्यांनी असते. पंख्यात, शिलाई यंत्रात, सायकलीत, चष्म्यात, कुकरच्या मुठीत. तिचे नाव स्क्रू. आपल्या भाषेत तिला मळसूत्र असा जुना आणि सुंदर शब्द आहे. त्या मळसूत्रावर जे वळसे असतात त्यांना आपण आटे म्हणतो. आमच्या झाडीपट्टीतल्या गॅरेजात त्यांना चुड्या म्हणतात. हे आटे झिजले, कापले गेले, की कारागीर म्हणतो, "आटे मेले." निर्जीव वस्तूला मरण यावे, अशी बोलण्याची पद्धत सहज पडत नाही. आटे मेले की खरोखरच काहीतरी कायमचे गेल्यासारखे वाटते. हा अनुभव मला गेल्या हिवाळ्यात एकाच महिन्यात दोनदा आला. एकदा लाखांदुरात, आणि एकदा सातासमुद्रापलीकडून आलेल्या फोनवर.

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. धानाचा मुलूख. चुलबंद आणि वैनगंगा या इथल्या नद्या, आणि वैनगंगेपलीकडे वडसा. डिसेंबरात धानाची कापणी-मळणी उरकत आलेली असते आणि रात्री गावोगावी झाडीपट्टीची नाटके सुरू झालेली असतात. अशाच एका सकाळी मी घराच्या अंगणात माझ्या जुन्या मोटारसायकलचे ऑइल बदलायला बसलो. इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायचा एक बोल्ट असतो. ऑइल सोडले, बोल्ट परत लावला. पुरेसा घट्ट झाला होता. पण मागच्या वेळी तिथून थेंब गळला होता, तो मनात होता. म्हटले, आणखी थोडा आवळू. पान्याच्या दांड्यात पाइपचा तुकडा घातला आणि जोर केला. बोल्ट जड होत गेला, आणखी जड झाला, आणि एकदम लोण्यात फिरावा तसा हलका झाला.

श्रोतेहो, मी तीस वर्षे मुलांना फिटरचे काम शिकवले आहे. "पान्याला पाइप लावू नका" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही.

गाडी ढकलत बसस्टँडजवळच्या गॅरेजात नेली. तिथल्या पोराने वाकून पाहिले आणि म्हणाला, "बोल्ट बदलून का होते, सर? बोल्ट तं साबूत आहे. चेंबरच्या चुड्या गेल्या."

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. बोल्ट पोलादाचा, स्वस्त, कुठेही मिळणारा. ज्या भोकात तो बसतो ते इंजिनाचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे, ओतीव, महाग. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांची झटापट झाली की मरते ते अ‍ॅल्युमिनियम. जी वस्तू सहज बदलता येते ती शाबूत राहते आणि जी बदलणे परवडत नाही तिचेच नुकसान होते.

दुसरा प्रसंग त्यानंतर दोन आठवड्यांनी. माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. जवळच रॉकी पर्वताच्या रांगा, म्हणून हिवाळ्यात तो बर्फावर स्नोबोर्ड खेळायला जातो. स्नोबोर्ड म्हणजे माणसाच्या उंचीच्या आसपासची एक फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून उतारावरून घसरत यायचे. पाय ज्या बंधांत अडकवतात ते बंध फळीला स्क्रूने बसवलेले असतात. रात्री त्याचा फोन आला.

"मामा, बोर्डाचे आटे गेले. स्क्रू नुसता फिरतो आहे."

"स्क्रू जुनाच होता का?"

"नाही, एक हरवला होता. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीचा आणून लावला. पहिल्यांदा जरा अडला, मग मी जोर केला."

मी विचारले, "स्क्रू सहा मिलिमीटरचा होता की पाव इंची?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "त्याने काय फरक पडतो? दोन्ही सारखेच दिसतात."

काय फरक पडतो, हे सांगण्यासाठी मला दोनशे वर्षे मागे जावे लागले. तीच गोष्ट आज आपल्याला सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. इतकेच काय, एका बोल्टची नट दुसऱ्या बोल्टला लागेल याचीही खात्री नसे. यंत्र खोलले की कोणती नट कुठल्या बोल्टची, याची खूण करून ठेवावी लागे. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने आटे पाडणारा अचूक लेथ बनवला आणि एकसारखे आटे पाडणे शक्य झाले. पण शक्य झाले म्हणजे लगेच सगळ्यांनी केले असे नव्हे. प्रत्येक कारखान्याने एकसारखे आटे पाडले खरे, मात्र आपापल्या मापाने.

मॉड्स्लेकडे काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ हा पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना चालवू लागला. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सगळ्यांच्या मधले असे एक माप काढले. १८४१ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने ते मांडले. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे, याचा ठराविक तक्ता. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी हा तक्ता उचलला. याच कंपन्यांचे सामान पुढे आपल्याकडे आले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि पुढच्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडकडे जाणारी अरुंद रेल्वे वडशावरून गेली. त्या रुळांबरोबर व्हिटवर्थचे आटेही वैनगंगेच्या काठी आले असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेने मात्र वेगळा रस्ता धरला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स या यंत्रनिर्मात्याने सांगितले की ५५ अंशांचा कोन आणि व्हिटवर्थची गोलाई साध्या कारागिराला नीट जमत नाही. त्याऐवजी ६० अंशांचा कोन घ्या, तो आखायला सोपा. आणि आट्याचे टोक सपाट ठेवा. विचार शहाणपणाचा होता, पण त्यातून जगात दोन घरे झाली. अर्धा इंची बोल्टाला व्हिटवर्थच्या तक्त्यात एका इंचात १२ आटे, अमेरिकेत १३. एका बाजूचा बोल्ट दुसऱ्या बाजूच्या नटीत घातला तर सुरुवातीला जातो, थोडा फिरतो, मग अडतो. तिथे शहाणा माणूस थांबतो. घाईतला माणूस जोर करतो आणि आटे मरतात. तिकडे युरोप खंडात मेट्रिक मापांचे तिसरेच घर उभे राहत होते. १८९८ मध्ये झुरिचला भरलेल्या परिषदेत तिथल्या देशांनी मिलिमीटरमधले आटे ठरवले.

आट्यांच्या या भाऊबंदकीची किंमत किती मोठी असू शकते, हे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने पाहिले. शहराच्या मध्यभागी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब मदतीला धावले. बंब आले, माणसे आली, नळात पाणीही होते. पण अनेक बंबांच्या होजांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात, कारण आटे वेगळे. बंबवाले होजच्या तोंडाला कापड गुंडाळून पाणी घेण्याचा प्रयत्न करत राहिले. आग तीस तास जळली आणि पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. नंतर चौकशी केली तेव्हा त्या देशात होजच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार निघाले. मदत दारात उभी आहे आणि आत येऊ शकत नाही, अशी ती स्थिती होती.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण पुन्हा आली. ब्रिटिशांचे मर्लिन नावाचे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले. इंजिनात सगळे ब्रिटिश आटे. ते पाडणारी हत्यारे अमेरिकेत बाजारात नव्हती. पॅकार्डने ती हत्यारे स्वतः बनवली आणि ब्रिटिश आटेच पाडले, म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेला भाग अमेरिकेत बनलेल्या इंजिनाला लागावा. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका करारावर सह्या करून ६० अंशांचा एक समान आटा मान्य केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजे आयएसओ स्थापन झाली होती. त्या संघटनेच्या तांत्रिक समित्यांना क्रमांक असतात. क्रमांक एकची समिती कोणत्या विषयाची असेल? स्क्रूच्या आट्यांची. जगाने एकत्र बसून मापे ठरवायला घेतली तेव्हा पहिला क्रमांक मळसूत्राला मिळाला.

आपल्या देशाने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. ज्यांनी शेर-छटाक आणि आणे-पै पाहिले त्यांना तो काळ आठवत असेल. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, नंतर किलो आले, मीटर आले. त्याच प्रवाहात कारखान्यांतले आटेही हळूहळू मिलिमीटरचे झाले. माझ्या गुरूंच्या पेटीत इंची टॅप होते, माझ्या पेटीत दोन्ही होते, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या पेटीत मेट्रिक होते. तीन पिढ्यांच्या पेट्यांत हा इतिहास आहे.

पण इंची आटे गेले असे समजू नका. आपल्या प्रत्येक गावात ते अजून आहेत, आणि ते बघायला लाखांदूर तालुक्यातल्या कोणत्याही हातपंपाशी जा.

हातपंपाचा इतिहास हा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असा आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात खडकात विंधनविहिरी घेतल्या गेल्या. त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले. त्यांवर सगळे गाव दिवसभर पाणी भरू लागले आणि ते एकामागून एक बंद पडू लागले. मिशनऱ्यांच्या धडपडीतून आधी जालना पंप आणि मग सोलापूर पंप तयार झाला. सोलापूर पंपामागे ऑस्कर कार्लसन नावाचे स्वीडिश गृहस्थ होते. दांड्याच्या टोकाला साखळी आणि सांध्यात बंद बेअरिंग ही त्याची मुख्य कल्पना. हाच पंप पायाशी धरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचे अभियंते यांनी इंडिया मार्क टू हा पंप घडवला. कोइमतूरजवळ त्याची चाचणी झाली आणि १९७७ च्या सुमारास तो कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. पुढे तो आफ्रिकेतही गेला.

या पंपाच्या पोटात काय असते? तीन-तीन मीटरचे गॅल्व्हनाइज्ड पाइप एकमेकांना सॉकेटने जोडलेले, आणि त्यांच्या आतून जाणाऱ्या बारा मिलिमीटर जाडीच्या सळ्या. सळ्यांचे आटे मेट्रिक आहेत, ६० अंशांचे. पाइपचे आटे मात्र आजही इंचातले आहेत, इंचाला अकरा, आणि त्यांचा कोन आहे ५५ अंश. म्हणजे १८४१ मधला व्हिटवर्थ आपल्या गावच्या पंपात अजून जमिनीखाली उभा आहे आणि त्याच्या पोटातून मेट्रिक सळी वरखाली होते आहे. दोनशे वर्षांचे भांडण तिथे एकाच विहिरीत नांदते.

आणि आटे मरण्याचा अर्थ काय, तेही तिथेच कळते. पंप तीस मीटर खोल असेल तर दहा पाइप. खालचा वॉशर झिजला की दहाच्या दहा पाइप वर उपसायचे, प्रत्येक जोड सोडायचा, परत आवळायचा. दर वेळी आटे थोडे झिजतात, त्यात पाण्याचा गंज. एक दिवस जोड सुटतो, खालचे पाइप विहिरीत पडतात, आणि भर उन्हाळ्यात बायाबापड्यांना दुसऱ्या टोल्यावर घागर घेऊन जावे लागते. पुढे इंडिया मार्क थ्री पंप आला. त्यात पाइप जागच्या जागी ठेवून आतला पिस्टन वर काढता येतो. जोड जितका कमी वेळा सोडाल तितके आटे जास्त जगतात, हा त्यातला एक धडा.

पाइपचे आटे गेले तर उपाय सोपा आहे. मेलेला तुकडा कापा, डाय लावा, नवे आटे पाडा. पाइप थोडा आखूड होतो, इतकेच. पण भोकातले आटे गेले तर भोक कापून टाकता येत नाही. मग काय करायचे?

हा प्रश्न विमानांनी मोठा केला. विमान हलके हवे म्हणून इंजिनाची अंगे अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची झाली. त्यात पोलादी स्क्रू आणि स्पार्क प्लग पुन्हा पुन्हा काढायचे आणि लावायचे, म्हणजे आटे मरणारच. तेव्हा १९३० च्या दशकापासून अमेरिकेत एक युक्ती पुढे आली. भोक थोडे मोठे करा. त्यात मोठ्या मापाचे आटे पाडा. मग पोलादी तारेची एक स्प्रिंग, जिच्या तारेचा छेद पतंगीच्या आकाराचा असतो, ती त्या आट्यांत फिरवून बसवा. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला तयार होतात ते मूळ मापाचे आटे, आता पोलादाचे. यालाच आपल्याकडे कारागीर हेलिकॉइल म्हणतात. महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांत ती मोठ्या प्रमाणात बसली. मी तिला मऊ घरातली कठीण चौकट म्हणतो. मातीच्या भिंतीत दाराचे बिजागर थेट ठोकत नाहीत; आधी लाकडी चौकट बसवतात आणि मग बिजागर. तसेच हे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बोल्ट आवळला की सगळे आटे सारखे काम करतात असे आपल्याला वाटते. तसे नसते. पहिला आटा साधारण एक तृतीयांश भार उचलतो, पुढचे आटे उतरत्या क्रमाने. म्हणून बोल्टचे आटे मऊ धातूत जास्त खोलवर गुंतलेले हवेत. पोलादात बोल्टच्या जाडीइतकी खोली पुरते, अ‍ॅल्युमिनियममध्ये तिच्या दीडपट ते दुप्पट लागते. हेलिकॉइल बसवली की मऊ धातूतले आटे मोठ्या व्यासाचे होतात, म्हणजे भार पेलायला जास्त धातू मिळतो. आणि रोजची झीज सोसायला आतले पोलाद असते. नीट बसवली तर दुरुस्ती केलेले भोक नव्यापेक्षाही दणकट होते.

लाखांदूरच्या पोराने माझ्या गाडीला हेच केले. ड्रिलने भोक मोठे केले. टॅपला ग्रीस लावले, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटून बाहेर यावा, इंजिनात पडू नये. सावकाश आटे पाडले, स्प्रिंग फिरवून बसवली, तिच्या तळाची जीभ मोडून चिमट्याने बाहेर काढली. थोडे ऑइल ओतून आतला उरलासुरला कीस धुऊन काढला. मग बोल्ट बोटांनी फिरवत आत घातला. पान्याला त्याने शेवटीच हात लावला. "आता पाइप लावू नका, सर," असे तो म्हणाला नाही. त्याने नुसते माझ्याकडे पाहिले.

त्या पाइपने मी काय केले होते त्याचा हिशेब सांगतो. अशा बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा ओढा दिला की तेवढा होतो. पाइप लावून पान्याची लांबी दुप्पट केली की त्याच दहा किलोत तो पन्नासच्या जवळ जातो. हाताला फरक जाणवत नाही, आट्यांना जाणवतो. शिवाय आपण लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून आट्यांना तेल लागलेले असेल तर घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. माझा बोल्ट तेलात भिजलेला होता.

आता भाच्याच्या फळीकडे वळू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६५ मध्ये शेर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे बनवले, त्याचे नाव स्नर्फर. १९७७ मध्ये जेक बर्टन याने फळ्या बनवून विकायला सुरुवात केली. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचला. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गच्या उतारांवरही या फळ्या दिसतात. सुरुवातीला बंध सरळ लाकडात स्क्रूने बसवत. लाकूड मऊ, वरून बर्फाचे पाणी, आणि उडी मारून खाली आल्यावर सगळ्या शरीराचा धक्का त्या चार स्क्रूंवर. तेव्हा तीच जुनी युक्ती कामी आली. लाकडाच्या गाभ्यात पोलादी आट्यांचे छोटे डबे आधीच बसवायचे. त्यांना इन्सर्ट म्हणतात आणि त्यांचे माप साधारणपणे ठरलेले असते: सहा मिलिमीटर जाडी आणि एक मिलिमीटरचा आटा.

आता तो पाव इंची स्क्रू आठवा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आट्यांमधले अंतर १.२७ मिलिमीटर. डोळ्यांना सारखाच दिसतो. अमेरिकेने १९७५ मध्ये मेट्रिकसाठी कायदा केला, पण तो ऐच्छिक ठेवला. म्हणून तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची स्क्रू सगळ्यांत आधी हाताला लागतो. भाच्याच्या फळीतले आटे मारले ते सेलर्स आणि मेट्रिकवाल्यांच्या जुन्या भांडणाने. त्याने फक्त शेवटचा पीळ दिला.

मी त्याला जे सांगितले ते आपल्यालाही उपयोगी पडेल, मग वस्तू स्नोबोर्ड असो, शिलाई यंत्र असो की फवारणीचा पंप. आधी पाहा की आटे पूर्ण गेले आहेत की फक्त तोंडाशी चेपले आहेत. तोंडाशी चेपले असतील तर त्याच मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून ते साफ करा. बरेचदा तेवढ्यावर भागते. पूर्ण गेले असतील तर फळीत शेजारी तशाच भोकांची रांग असते, बंध सरकवून त्यात बसवा आणि मेलेले भोक सोडून द्या. इन्सर्टच लाकडात गरगर फिरत असेल, किंवा दुसरे भोक चालणार नसेल, तर तो काढून नवा इन्सर्ट एपॉक्सीने बसवावा लागतो. ते काम जाणत्या दुकानातच द्या, कारण ड्रिल जरा खोल गेले की फळीच्या तळाला भोक पडते. आणि आटे धरत नाहीत म्हणून लांब स्क्रू कधीही घालू नका. तो तळाला टेकतो, फळीला खालून टेंगूळ येते, आणि बंध मात्र सैलच राहतो. सैल बंध म्हणजे उतारावर मधेच पाय सुटणे. तिथे प्रश्न फळीच्या किमतीचा उरत नाही.

त्याने शेजारची भोके वापरली. सहा मिलिमीटरचे योग्य स्क्रू मागवले. पुढच्या रविवारी फोटो आला, बर्फात उभा, दोन्ही पाय जागच्या जागी.

आटे मरू नयेत म्हणून काय करावे, हे मी मुलांना ज्या क्रमाने शिकवत असे त्याच क्रमाने सांगून थांबतो. स्क्रू आणि भोक एकाच मापाचे आहेत याची खात्री करा. दिसायला सारखे असणे पुरेसे नाही. आटे पुसून घ्या. पहिले दोन-तीन फेरे पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने न देता बोटांनी द्या. आटा अचूक लागत नसेल तर स्क्रू आधी उलटा फिरवा. एक बारीक 'टक्' लागतो, तिथून सरळ फिरवा. बोटांनी जात नसेल तर थांबा आणि विचार करा, कारण तिथेच आटे वाचतात किंवा मरतात. चार स्क्रू असतील तर एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीने आवळा. लहान स्क्रूला मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको. आणि स्क्रू सैल पडण्याची भीती असेल तर जोर वाढवण्याऐवजी आटे धरून ठेवणारे द्रावण वापरा, आणि अधूनमधून तपासत राहा.

बाल्टिमोरच्या बंबांना, आपल्या हातपंपाला आणि भाच्याच्या फळीला एकच नियम लागू पडला. जे लागत नाही ते जोराने लावता येत नाही. व्हिटवर्थपासून आयएसओच्या पहिल्या समितीपर्यंत अनेक शहाण्या माणसांनी ही गोष्ट कागदावर आणली, तक्ते केले, करार केले. पण त्या सगळ्या तक्त्यांची शेवटची परीक्षा होते ती अंगणात बसलेल्या एका माणसाच्या बोटांत, पहिल्या दोन फेऱ्यांत.

माझी गाडी आता गळत नाही. तो पाइपचा तुकडा मी घरात ठेवलेला नाही. अंगणातल्या कारल्याच्या वेलाला आधार म्हणून जमिनीत रोवला आहे. तिथे तो चांगले काम करतो.